मागून आणलेली बाग

1906 साल. इंग्लंडच्या वायव्येस, सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशात, नियर सॉरी नावाच्या लहानशा गावी एका जुन्या शेतघराची दुरुस्ती चालली होती. गवंडी आणि सुतार सांगितले तसे काम करीत होते. पाण्याच्या नळांचे काम घेतलेला प्लंबर मात्र मालकिणीचे ऐकेना. बाईमाणसाने हुकूम सोडावेत आणि आपण ते झेलावेत, हे त्याच्या पचनी पडत नव्हते. मालकीण लंडनची, चाळिशीची, अविवाहित. तिने आवाज चढवला. हा माणूस बाईचे ऐकणार नसेल तर त्याला वाटेला लावू आणि विंडरमिअर सरोवरापलीकडच्या केंडल गावाहून दुसरा आणू, असा तिने मनाशी निश्चय केला. पुढे एका पत्रात तिने हा प्रसंग लिहिला, तेव्हा आपलाही तोल सुटला होता हे प्रांजळपणे कबूल केले.

या मालकिणीचे नाव बिअॅट्रिक्स पॉटर. निळा कोट घातलेल्या पीटर नावाच्या सशाची गोष्ट आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतील मुलांनी पाहिलेली असते. तिची लेखिका आणि चित्रकर्ती म्हणजे याच बाई. परंतु त्या सशाच्या कमाईतून त्यांनी जे घर उभे केले आणि जी बाग लावली, तिची हकीकत व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. कारण त्या हकीकतीच्या मुळाशी व्यापारच आहे, आणि व्यापाराची वाटणारी लाजही आहे.

पॉटरबाईंचे आजोबा एडमंड पॉटर यांचा डर्बीशायरमध्ये ग्लॉसप गावाजवळ सुती कापडावर छपाई करण्याचा कारखाना होता. त्या काळातील या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होई. अशा कापडाला इंग्रजीत कॅलिको म्हणतात. तो शब्द आपल्या कालिकत बंदरावरून पडलेला. एके काळी ज्या देशाचे छापील कापड युरोपने डोक्यावर घेतले, त्याच देशाच्या पेठांत पुढे मँचेस्टरकडच्या गिरण्यांचे तागे येऊन पडू लागले. त्या उलट्या प्रवाहावर जी घराणी गब्बर झाली, त्यांतलेच हे एक. आईचे वडील जॉन लीच हेही कापसाचेच व्यापारी. म्हणजे दोन्हीकडून घर कापसावर उभे.

दुसऱ्या पिढीत चित्र पालटले. वडील रूपर्ट बॅरिस्टर झाले, पण वकिली करून पोट भरण्याची त्यांना गरज नव्हती. लंडनच्या केन्सिंग्टन भागात मोठे घर, नोकरचाकर, उन्हाळ्यात महिनोन्महिने भाड्याने घेतलेला एखादा डोंगरातला बंगला, असा थाट होता. 1866 मध्ये जन्मलेली थोरली मुलगी शाळेत गेलीच नाही. शिक्षिका घरी येत. धाकटा भाऊ बर्ट्रम शिकायला बाहेर पडला. मुलगी घरात राहिली. ससे, उंदीर, पाली, काटेसाळ हे तिचे सोबती, आणि त्यांची चित्रे काढणे हा तिचा दिवसभराचा उद्योग.

आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला 1893 मध्ये तिने एक सचित्र पत्र धाडले. तीच पीटर सशाची गोष्ट. पुढे प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा 1901 च्या डिसेंबरात तिने स्वतःच्या पैशाने 250 प्रती छापल्या. या खटपटीत बाईंची धंद्याची नजर दिसते. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढे असावे आणि किंमत एक शिलिंगच्या वर नसावी, हा त्यांचा आग्रह होता. महागडे पुस्तक मुले कुठून घेणार? फ्रेडरिक वॉर्न या लंडनच्या पेढीने 1902 मध्ये ते रंगीत काढले, तेव्हा पहिल्या आठ हजार प्रतींची मागणी प्रकाशनाआधीच नोंदली गेली होती. पुढच्याच वर्षी बाईंनी पीटर सशाची कापडी बाहुली स्वतः शिवून तिचे पेटंट घेतले. आजोबांचे रक्त एक पिढी झोपून पुन्हा जागे झाले होते, एवढेच म्हणावयाचे.

त्या पेढीतले नॉर्मन वॉर्न बाईंच्या पुस्तकांचे काम पाहत. कागद, रंग, मजकूर यांबद्दलची पत्रे जवळजवळ रोज जाऊ-येऊ लागली. नॉर्मन यांनी आपल्या पुतणीसाठी हाताने एक बाहुलीघर बनवले होते. ते पाहून त्याची चित्रे काढावीत असे बाईंच्या मनात आले. पण मुलीने वॉर्न मंडळींच्या घरी जाणे आईला रुचेना. अखेर नॉर्मन यांनी त्या घराची छायाचित्रे धाडली आणि त्यांवरून पुस्तक पुरे झाले. 1905 च्या जुलैत त्यांनी पत्रानेच लग्नाची मागणी घातली. बाईंनी होकार दिला. आईवडिलांनी मात्र कडाडून विरोध केला. कारण काय, तर मुलगा धंद्यातला. दोन्ही आजोबांनी कापूस विकून कमावलेल्या पैशावर ज्यांचे आयुष्य निर्धास्त गेले, त्यांना पुस्तके विकणारा जावई कमी दर्जाचा वाटला. घराणे उच्चकुलीन होऊ लागले की पहिली लाज ज्या शिडीवरून वर चढलो त्या शिडीचीच वाटते. हा रोग केवळ इंग्रजांचा नव्हे.

बाई एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी अंगठी घातली. मात्र हे लग्न ठरल्याचे बाहेर कोणास कळू नये एवढी अट मान्य केली. कुटुंबाबरोबर त्या वेल्समध्ये गेल्या. 25 ऑगस्ट रोजी नॉर्मन यांचे रक्ताच्या दुखण्याने निधन झाले. मागणी घातल्याला जेमतेम महिना झाला होता. लग्न ठरल्याचे जगाला ठाऊक नव्हते, म्हणून शोकही उघडपणे करण्याची सोय नव्हती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नियर सॉरी येथील हिल टॉप या शेताची खरेदी पुरी झाली. चौतीस एकर जमीन आणि सतराव्या शतकातले दगडी घर. पैसा पुस्तकांच्या मानधनाचा आणि एका मावशीकडून आलेल्या लहानशा वारशाचा. वडिलांचा त्यात एक छदामही नव्हता.

आता दुरुस्तीचे. जुने घर हाती आले की आपल्याकडे बहुधा पहिला घाव भिंतीवर पडतो. गावाकडचा कुलूपबंद वाडा उघडायचा, लाकडी तुळया विकायच्या, जमिनीला चकचकीत फरशी आणि भिंतींना सिमेंट. चुन्यातले जुने बांधकाम ओल घेते आणि ती हवेत सोडूनही देते. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आतच कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरू लागतात. हा अनुभव कित्येकांनी पैसे मोजून घेतला आहे. पॉटरबाईंनी आधी घर नुसते पाहिले. कुठे भिंतीतली कपाटे, कुठे अडगळीचे कोनाडे, आणि एक भिंत तर चार फूट जाड, तिच्या पोटात जिना. लपंडावाला यापेक्षा चांगली जागा नाही, असे त्यांना वाटले.

त्या शेतावर जॉन कॅनन नावाचे शेतकरी पत्नी आणि दोन मुलांसह राहत होते. मालक बदलला की कूळ बदलते, ही जगाची रीत. बाईंनी कॅनन कुटुंबाला राहण्यास सांगितले. शेती त्यांना येत होती, बाईंना येत नव्हती. मग प्रश्न जागेचा. बाईंनी घराला एक नवी बाजू जोडून घेतली आणि ती सबंध नवी बाजू कॅनन मंडळींना दिली. जुना, अंधारा, कुरकुरणाऱ्या फळ्यांचा भाग स्वतःकडे ठेवला. घराच्या भिंतीवर त्यांच्या नावाची आद्याक्षरे आणि 1906 हे साल कोरलेली पाटी आजही आहे. बांधकाम चालू असताना त्या गावातल्या लोहाराच्या घरी उतरत. एका घराचे दोन भाग करताना चांगला वाटा दुसऱ्याला द्यावा, हे सांगायला सोपे आहे. वाटण्या झालेल्या कोणत्याही कुटुंबाला त्यातली अडचण ठाऊक असते.

उंदरांनी मात्र उच्छाद मांडला. जुन्या जाड भिंती म्हणजे त्यांची पिढीजात वस्ती, आणि तिथे त्यांची पिले सापडत. कॅननबाईंचा भर मांजरांवर होता, सापळेही लागले. आपल्या वाचकांना ही वाट रुचणार नाही. तथापि बाईंनी केलेला दुसरा इलाज ध्यानात ठेवण्याजोगा आहे: दारांच्या तळाला जस्ताचा पत्रा मारून घेतला आणि भिंतींच्या पायथ्याशी सिमेंटची पट्टी ओढली, म्हणजे कुरतडायला लाकूड मिळू नये आणि शिरायला फटही राहू नये. धान्याची कोठारे सांभाळलेल्या मंडळींना हे नवे नाही. पुढे त्याच उंदरांवर त्यांनी पुस्तक लिहिले. ज्यांनी घर पोखरले त्यांनीच त्याचा थोडाफार खर्च भरून दिला, असा हा जमाखर्च.

आणि मग बाग. पूर्वी शेतावर जाणारी वाट घराला खेटून जात असे. बाईंनी ती दूर सरकवली, तेव्हा घरापुढे जागा मोकळी झाली. फाटकापासून दारापर्यंत जवळच्या खाणीतल्या पाटीच्या दगडाच्या फरश्या बसवून लांब पायवाट काढली. दोन्ही अंगांना फुलझाडांचे वाफे. पलीकडे दगडी भिंतीच्या आत भाज्यांची बाग. लंडनच्या श्रीमंतांच्या बागा तेव्हा माळ्यांकडून आखून घेत. इथे आखणी अशी नव्हतीच. पायवाट, भिंत, जाळीचा मांडव एवढे पक्के. बाकी ज्या दिवशी जे रोप हाती आले ते मोकळ्या जागी गेले. गोजिऱ्या फुलांच्या शेजारी कोबी, ऱ्हुबार्बच्या रुंद पानांजवळ फळांची झुडपे. खेड्यातल्या इंग्रजी घराची बाग असते तशीच ही होती.

रोपे आली कुठून? काही झुडपे विंडरमिअरच्या रोपवाटिकेतून विकत घेतली. लायलॅक, ऱ्होडोडेंड्रॉन, लाल फ्यूशिया. परंतु पुष्कळसा ऐवज गावाने दिला. शेजारच्या एका बाईने वेळ-अवेळ न पाहता सॅक्सिफ्रेजच्या रोपांचा भारा आणून दिला. भेट मनापासूनची, पण लावायला सबंध दिवस मोडला. विंडरमिअरला एका वृद्ध बाईंची बाग माजून रान झाली होती. पॉटरबाई तिथे भेटीला म्हणून गेल्या त्या टोपली आणि खुरपे घेऊनच, आणि लॅव्हेंडरच्या काड्यांसकट जे मिळाले ते निःसंकोच घेऊन आल्या. लंडनच्या दिवाणखान्यात जिने कधी कोणाकडे काही मागितले नसेल, ती बाई खेड्यात येऊन दारोदार रोपे मागू लागली. गावातल्या जवळजवळ प्रत्येक बागेतले काही ना काही त्यांच्या बागेत आले.

यातली सर्वांत गमतीची गोष्ट एका झाडाची. ऑनेस्टी नावाचे एक झाड इंग्रजी बागांत असते. फुले जांभळी, पण खरी शोभा शेंगांची. त्या सुकल्या की वरचे साल गळते आणि आत पातळ, गोल, रुपेरी पडदा उरतो, थेट चांदीच्या रुपयासारखा. या झाडाच्या नावाचा अर्थ प्रामाणिकपणा. कुणाच्या तरी बागेतल्या कचऱ्याच्या ढिगात, जाळण्यासाठी टाकलेली ऑनेस्टीची रोपे बाईंना दिसली आणि त्यांनी ती गुपचूप उचलली. ज्या लोहाराच्या घरी त्या उतरत त्या घरच्या गृहिणीचे म्हणणे होते की, चोरलेले रोप हमखास जगते. आपल्याकडे मनी प्लांटविषयी हीच समजूत घरोघरी आहे: विकत आणलेला वेल रुसतो, शेजारणीच्या कुंडीतून नकळत खुडून आणलेला फोफावतो. अस्तेयाचे व्रत घेतलेल्यांनी या समजुतीचे काय करावे ते ज्याने त्याने पाहावे. मात्र त्या बाईंनी प्रामाणिकपणा चोरला आणि तसे पत्रात लिहूनही टाकले, ही चोरी तशी सौम्यच म्हणावी लागेल.

ही सारी पत्रे कोणाला लिहिली, हे सांगायचे राहिले. प्लंबरशी झालेले भांडण, सॅक्सिफ्रेजचा भारा, चोरलेली ऑनेस्टी, हे सर्व मिली वॉर्न यांना कळवलेले आहे. मिली म्हणजे नॉर्मन यांची अविवाहित बहीण. एकीचा भाऊ गेला होता, दुसरीचा होऊ घातलेला पती. ज्या नात्याला जगात नाव मिळाले नव्हते ते या दोघींनी टिकवले, आणि पत्रांत विषय बहुतेक रोपांचा, भिंतींचा, हवेचा. खत कितपत घातले, आज काय लावले, नवीन खोल्या कुठवर आल्या. दुःखाचे शब्द त्यांत थोडे. मृत्यू झालेल्या घरी भेटीला गेलेल्या आपल्या जुन्या बायकाही काही वेळाने पापड कधी लाटणार, डाळ कुठून आणली, असेच बोलू लागत. ते कोरडेपणाने नव्हे.

घर असे आकाराला येत होते, पण मालकिणीला तिथे राहता येत नव्हते. आईवडील म्हाताऱ्या होत चाललेल्या मुलीला मोकळीक देत नव्हते. लंडनच्या घरची व्यवस्था, सुट्टीतले प्रवास, आजारपणे, सर्व तिच्यावर. त्यातून चार-आठ दिवस चोरून ती हिल टॉपला येई. पण या तुटक दिवसांतून जे काम झाले ते पाहून थक्क व्हायला होते. 1907 आणि 1908 च्या पुस्तकांत तेच घर आणि तीच बाग आहे. टॉम किटन या मांजराच्या पिलाच्या गोष्टीत ती पायवाट आणि ते फाटक दिसते; जेमायमा नावाची बदकीण अंडी लपवते ती ऱ्हुबार्बच्या पानांत; उंदरांच्या गोष्टीत जिना आणि खोल्या. बदकिणीची गोष्ट बाईंनी कॅनन यांच्या दोन मुलांना अर्पण केली. पुस्तकांनी शेत घेतले, शेताने पुस्तके दिली, आणि त्या पुस्तकांच्या पैशातून आणखी जमीन आली. भांडवल फिरते ठेवणे ते हेच.

पुढची जमीन घेताना बाईंनी जाणकाराचा सल्ला घेतला. हॉक्सहेड गावचे वकील विल्यम हीलिस यांच्या मदतीने 1909 मध्ये समोरचे कासल फार्म घेतले. बाई लंडनला असताना कुंपण, पाणी, बांध यांवर हीलिस लक्ष ठेवीत. 1912 मध्ये त्यांनी मागणी घातली. आईवडिलांचा पुन्हा विरोध. आता खेड्यातला वकील चालेना. या वेळी भाऊ बर्ट्रम मदतीला आला. त्याने आईवडिलांना सांगितले की आपले लग्न होऊन अकरा वर्षे झाली आहेत. त्यांना पसंत पडणार नाही अशा मुलीशी त्याने लग्न केले होते आणि एवढा काळ ते लपवले होते. दोन अपत्ये असलेल्या त्या प्रतिष्ठित घरात एकाला संसार चोरून करावा लागला आणि दुसरीला शोक. 1913 च्या ऑक्टोबरात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, बाई विवाहबद्ध झाल्या. गावात त्या शेवटपर्यंत मिसेस हीलिस म्हणूनच वावरल्या.

संसार त्यांनी कासल कॉटेजमध्ये मांडला. तेही घर दुरुस्त करून, वाढवून घेतले. हिल टॉप मात्र मोडले नाही. शेतापलीकडे, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ते तसेच ठेवले. जुने ओकचे कपाट, उंच घड्याळ, चिनी मातीची भांडी, लहानसहान वस्तू यांची मांडामांड त्या तिथे करीत. पत्रे लिहायला, एकट्या बसायला तिथे जात. सासरी गेलेल्या मुलीने माहेरची एक खोली जपावी तसे ते होते. फरक इतकाच की हे माहेर तिने स्वतः बांधले होते.

पुढच्या तीस वर्षांत बाईंनी चित्रे कमी केली आणि शेती वाढवली. 1923 मध्ये ट्राउटबेक पार्क हे मोठे शेत, 1930 मध्ये मंक कॉनिस्टनची विस्तीर्ण जमीन. विकासाच्या नावाखाली तुकडे पडून बंगले उभे राहू नयेत, जुनी शेतघरे आणि त्यांतली कुळे टिकावीत, हा हेतू. मंक कॉनिस्टनची जवळजवळ निम्मी जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला खरेदीच्याच भावाने दिली. नफा घेतला नाही आणि तोटाही सोसला नाही, व्यवहार चोख.

22 डिसेंबर 1943 रोजी त्यांचे निधन झाले. चार हजार एकरांहून अधिक जमीन, चौदा शेते आणि अनेक घरे पतीनंतर नॅशनल ट्रस्टकडे जावीत, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. हिल टॉपच्या खोल्या भाड्याने न देता आहेत तशा ठेवाव्यात, असेही लिहून ठेवले होते. 1946 मध्ये ते घर लोकांसाठी उघडले. जागा इतकी लहान की आत एका वेळी थोड्याच माणसांना सोडतात. बाकीचे फरशीच्या पायवाटेवर, ऱ्हुबार्बच्या वाफ्याजवळ आपली पाळी येईपर्यंत थांबतात.

बाईंची रक्षा हिल टॉपच्या वरच्या टेकडीवर त्यांचे मेंढपाळ टॉम स्टोरी यांनी एकट्याने विखुरली. जागा कोणती, ते गुपित ठेवावे असे बाईंनी सांगितले होते. स्टोरी यांनी ती फक्त आपल्या मुलाला दाखवली, आणि त्या मुलानेही ती कोणाला सांगितली नाही.